पत, ऐपत आणि विम्याचा हप्ता

अमेरिकेत मोटारीचा किंवा घराचा विमा उतरवू पाहणाऱ्या माणसाला विमा कंपनी जे प्रश्न विचारते, त्यांतील बहुतेक अपेक्षितच असतात. गाडी कोणती, ती वर्षाला किती मैल चालते, पूर्वी अपघात झाला होता काय, घराचे छप्पर किती जुने आहे, अग्निशमन केंद्र किती दूर आहे. परंतु बहुसंख्य राज्यांत कंपनी आणखी एक गोष्ट पाहते, आणि ती ग्राहकाच्या तोंडून न ऐकता तिऱ्हाईत संस्थेकडून मागवते. ही गोष्ट म्हणजे त्या माणसाने आजवर उधार घेतलेला पैसा कसा फेडला याची नोंद. वर्षानुवर्षे एकही अपघात न केलेल्या चालकालाही, क्रेडिट कार्डाची बिले थकली या कारणाने, विम्याचा हप्ता जास्त पडू शकतो.

हा फरक किरकोळ नसतो. ‘कंझ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी ग्राहक नियतकालिकाने २०१५ साली देशभरातील मोटार विम्याचे दर तपासले. फ्लोरिडा राज्यात त्यांना असे आढळले की, वाहन चालवण्याची नोंद निष्कलंक पण पत खराब असलेल्या अविवाहित चालकाला, उत्तम पत असलेल्या पण दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दोषी ठरलेल्या चालकापेक्षा वर्षाला सरासरी १,५५२ डॉलर जास्त मोजावे लागत होते. हे वाचून कोणाचाही पहिला उद्गार ‘हा कुठला न्याय?’ असाच असेल. तथापि ही पद्धत कशावर उभी आहे हे पाहिल्याखेरीज निवाडा देणे घाईचे ठरेल.

आधी शब्दांकडे पाहू. ‘विमा’ हा शब्द फारसीतून आलेला, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या ‘बीम’चा अर्थ भय. ‘हप्ता’ही फारसीच, ‘हफ्त’ म्हणजे सात, त्यावरून आठवडा आणि पुढे ठरावीक मुदतीने द्यावयाची रक्कम. मराठीत ‘पत’ आणि ‘ऐपत’ असे दोन शब्द शेजारी शेजारी नांदतात, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. पत म्हणजे माणसाच्या शब्दावर लोकांनी ठेवलेला भरवसा. ऐपत म्हणजे त्याच्या गाठीची आर्थिक कुवत. गरिबाची पत चांगली असू शकते आणि श्रीमंताची वाईट. पुढील सगळा वाद या दोन शब्दांमधील अंतराचाच आहे. विमा कंपन्या म्हणतात, आम्ही पत मोजतो. टीकाकार म्हणतात, पतीच्या नावाखाली तुम्ही ऐपत मोजता.

अमेरिकेत पतीची नोंद ठेवणारे तीन मोठे क्रेडिट ब्युरो आहेत: इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन. कोणते कर्ज केव्हा घेतले, हप्ते वेळेवर गेले काय, कार्डाची मर्यादा किती आणि त्यातील वापरली किती, ही माहिती त्यांच्याकडे जमा होते. १९७० च्या ‘फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट’ने ही माहिती विम्याच्या कामासाठी मिळवण्यास मुभा दिली. मात्र सबंध नोंद आकड्यांत उतरवून तिच्यावरून हप्ता ठरवण्याची पद्धत १९९० च्या दशकाच्या आरंभी रूढ झाली. त्यामागे प्रामुख्याने फेअर आयझॅक ही कंपनी होती. १९५६ साली एका अभियंत्याने आणि एका गणितज्ञाने ती स्थापन केली होती, आणि बँकांना परिचित असलेला कर्जासाठीचा सर्वसाधारण स्कोअर तिने १९८९ मध्ये आणला होता.

विम्याचा स्कोअर आणि कर्जाचा स्कोअर एक नव्हे. दोन्हींचा कच्चा माल तोच असला तरी प्रश्न वेगळे आहेत. कर्जाचा स्कोअर विचारतो, हा माणूस कर्ज बुडवील काय? विम्याचा स्कोअर विचारतो, या माणसाच्या दाव्यांपायी कंपनीला किती भुर्दंड पडेल? फेअर आयझॅकच्या विमा स्कोअरमध्ये ढोबळमानाने ४० टक्के वजन परतफेडीच्या इतिहासाला, ३० टक्के थकीत कर्जाच्या प्रमाणाला, १५ टक्के पतनोंद किती जुनी आहे याला, १० टक्के नव्या कर्जाच्या खटपटीला आणि ५ टक्के कर्जांच्या प्रकारांना असते. उत्पन्न, व्यवसाय, वंश वा धर्म यांचा त्यात समावेश नसतो. कंपन्या याच मुद्द्यावर भर देतात, आणि तो शब्दशः खराही आहे.

पण ‘थकीत कर्जाचे प्रमाण’ कसे काढतात ते पाहावे. समजा, दोन माणसांच्या कार्डांवर प्रत्येकी एक हजार डॉलरचे देणे आहे. एकाच्या कार्डाची मर्यादा दोन हजार, दुसऱ्याच्या वीस हजार. पहिल्याने मर्यादेचा निम्मा भाग वापरला, दुसऱ्याने विसावा. देणे सारखेच असूनही पहिल्याचा स्कोअर खाली जातो. आता कार्डाची मर्यादा ठरवताना बँक काय पाहते? इतर गोष्टींबरोबर उत्पन्न पाहते. म्हणजे पुढच्या दाराने ज्या ऐपतीला मज्जाव केला, ती मागच्या दाराने आत येऊन बसते. स्कोअरचा सगळा भाग असा आहे असे नव्हे, पण हा भाग नगण्यही नाही.

आता कंपन्यांची बाजू. त्यांच्या विमागणितज्ञांनी लाखो पॉलिसी स्कोअरनुसार गटांत लावल्या, तेव्हा खालच्या गटांवर दाव्यांपोटी सरासरी जास्त खर्च होतो असे दिसले. हा संबंध केवळ कंपन्यांनी रंगवलेला नाही. टेक्सास राज्याच्या विमा खात्याने २००४-०५ मध्ये आपल्या विधिमंडळापुढे ठेवलेल्या अहवालांत तोच निष्कर्ष निघाला. पुढे अमेरिकी काँग्रेसच्या आदेशावरून फेडरल ट्रेड कमिशनने मोटार विम्यापुरता अभ्यास केला आणि जुलै २००७ मध्ये अहवाल दिला. स्कोअरवरून दाव्यांच्या जोखमीचा अंदाज बांधता येतो, हे आयोगाने मान्य केले.

मग प्रश्न उरतो कारणाचा. उसने पैसे फेडण्याचा ब्रेक दाबण्याशी काय संबंध? एक उत्तर असे दिले जाते की, जो माणूस पैशाच्या बाबतीत काटेकोर असतो तो टायरची हवा, नळाची गळती आणि रस्त्यावरचा वेग यांबाबतही काटेकोर असतो. दुसरे उत्तर याहून अधिक पटण्याजोगे आहे. दारावर ओरखडा आला, कुंपण पडले, तर ज्याच्याकडे शिल्लक आहे तो खिशातून खर्च करतो आणि दावा टाळतो, कारण दावा केला की पुढचा हप्ता वाढण्याची भीती असते. ज्याच्याकडे शिल्लक नाही त्याला दावा करण्यावाचून गत्यंतर नसते. असे असेल तर स्कोअर निष्काळजीपणा दाखवत नसून हातात रोकड नसणे दाखवतो. कोणते कारण खरे याचा निर्णय २००७ च्या अहवालाने दिला नाही. संबंध आहे एवढेच त्याने सांगितले. सांख्यिकी शिकवणाऱ्या प्राध्यापकाला वर्गात सहसंबंध आणि कारण यांतील भेद सांगायचा असेल, तर याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

याच अहवालाचा दुसरा भाग अधिक अस्वस्थ करणारा आहे. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक नागरिक खालच्या गटांत त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार अधिक आढळले. स्कोअर वापरल्यामुळे कृष्णवर्णीयांची अंदाजित जोखीम सरासरी १० टक्क्यांनी आणि हिस्पॅनिकांची ४.२ टक्क्यांनी वाढत होती, तर गोऱ्यांची १.६ टक्क्यांनी घटत होती. स्कोअर म्हणजे वंशाचाच मुखवटा आहे काय, हेही आयोगाने तपासले; तसा परिणाम आढळला, पण अल्प. विषमता कमी करील आणि तरीही अंदाज तितकाच अचूक राहील असा पर्यायी स्कोअर बनवण्याचा त्याचा प्रयत्न फळाला आला नाही. आयोगाच्या पाच सदस्यांपैकी पामेला जोन्स हार्बर यांनी अहवालाशी असहमती नोंदवली. अभ्यासासाठीची माहिती विमा कंपन्यांनीच स्वेच्छेने पुरवली होती, हा त्यांचा आक्षेप वजनदार होता. ज्याची तपासणी करायची त्यानेच वह्या निवडून द्याव्यात, हे कोणत्याही हिशेबनिसाला रुचणार नाही.

सारांश, संबंध खरा आहे. तो वापरू द्यावा की नाही हा प्रश्न मात्र गणिताचा नाही. १९४५ च्या मॅककॅरन-फर्ग्युसन कायद्यामुळे अमेरिकेत विम्याचे नियमन राज्यांकडे आहे, म्हणून या प्रश्नाची उत्तरेही अनेक आहेत. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर १९८८ मध्ये ‘प्रपोझिशन १०३’ संमत करून मोटार विम्याचा दर प्रामुख्याने चालकाची सुरक्षिततेची नोंद, वर्षाकाठी होणारा प्रवास आणि वाहन चालवण्याचा अनुभव यांवर ठरावा असे बंधन घातले. तेथे पतनोंदीला थारा नाही. हवाई आणि मॅसॅच्युसेट्समध्येही मोटार विम्यात तिला मनाई आहे. मेरीलँडने घराच्या विम्यात मनाई करून मोटार विम्यात मर्यादित मुभा ठेवली. अन्य बरीच राज्ये मधल्या वाटेने गेली: केवळ पतीवरून विमा नाकारू नये, आणि रुग्णालयाच्या थकबाकीची वसुली म्हणून नोंदलेली खाती धरू नयेत. या शेवटच्या सवलतीत एक भोक आहे. रुग्णाने दवाखान्याचे बिल क्रेडिट कार्डावर भरले आणि मग ते थकले, तर नोंदीत फक्त कार्डाची थकबाकी दिसते, आजार दिसत नाही.

वॉशिंग्टन राज्याची हकीकत उद्‌बोधक आहे. करोना काळात, २०२० च्या केंद्रीय कायद्याने, सवलत दिलेली कर्जे नियमित म्हणून नोंदवण्यास सांगितले. त्यामुळे स्कोअरवर भरवसा ठेवता येत नाही, असे म्हणत राज्याचे विमा आयुक्त माइक क्राइडलर यांनी मार्च २०२१ मध्ये तातडीचा मनाई नियम काढला. तो त्याच वर्षी न्यायालयात टिकला नाही. २०२२ मध्ये त्यांनी रीतसर नियम केला. आयुक्तांना तेवढा अधिकार नाही असे सांगून न्यायालयाने ऑगस्टमध्ये तोही रद्द केला. कॅलिफोर्नियात मतपेटीने जे घडवले ते वॉशिंग्टनमध्ये अधिकाऱ्याच्या सहीने घडू शकले नाही.

भारतात चित्र निराळे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीच्या केलेल्या तृतीय पक्ष विम्याचे दर सरकार अधिसूचनेद्वारे ठरवते. ते गाडीच्या प्रकारावर आणि इंजिनाच्या क्षमतेवर अवलंबून असतात, मालकाच्या पतीवर नव्हे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे दर २००७ पासून कंपन्यांवर सोडले आहेत, पण तेथेही ग्राहकाच्या ओळखीचा आहे तो ‘नो क्लेम बोनस’, जो दावा न केलेल्या वर्षांवर मिळतो. ‘सिबिल’ची स्थापना २००० साली आणि पतनोंद कंपन्यांचा कायदा २००५ चा. प्राध्यापक मंडळींचा या स्कोअरशी संबंध येतो तो गृहकर्जाच्या वेळी. त्याआधीच्या पिढीची पत महाविद्यालयाच्या पतसंस्थेत दोन जामीनदारांच्या सहीने सिद्ध होत असे.

अमेरिकेत नोकरीसाठी गेलेल्या मराठीभाषक तरुणाला हे सगळे नव्याने शिकावे लागते. त्याची भारतातील पत तेथे सहसा पोहोचत नाही. त्याची नोंद वाईट नसते, ती कोरी असते. जो व्याजाचा व्यवहार श्रद्धेने वर्ज्य मानतो किंवा निव्वळ काटकसरीने कर्जापासून दूर राहतो, त्याची वहीही अशीच कोरी. कर्ज न काढणे हा आपल्याकडे सद्‌गुण समजला जातो. स्कोअरच्या यंत्राला तो दिसतच नाही. अनेक राज्यांच्या कायद्यांनी अशा माणसाला ‘तटस्थ’ समजण्यास सांगितले आहे, म्हणजे दंड नाही आणि सवलतही नाही. कार्डाची संपूर्ण रक्कम दरमहा मुदतीत भरली तर साधारणपणे खरेदीवर व्याज लागत नाही आणि नोंद मात्र तयार होते, हा तेथील रूढ मार्ग आहे. विमा कंपनीने केलेल्या चौकशीने स्कोअर घटत नाही.

पतीमुळे हप्ता वाढला तर ग्राहकाला तसे कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. पण वाढला म्हणजे कशाच्या तुलनेत? ‘सेफको विरुद्ध बर’ या खटल्यात २००७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की तुलना तटस्थ दराशी करावी, सर्वोत्तम दराशी नव्हे. म्हणजे ज्याला मध्यम पतीमुळे मोठी सवलत हुकली त्याला पत्र येतच नाही. दुसरीकडे नोंदींत चुका असतात. फेडरल ट्रेड कमिशनच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाच टक्के ग्राहकांच्या नोंदींत कर्ज वा विमा महाग पडावा इतक्या गंभीर चुका आढळल्या. तिन्ही ब्युरोंचे अहवाल आता आठवड्याला एकदा विनामूल्य पाहता येतात. चूक दुरुस्त झाल्यावर कंपनीने नव्याने दर काढून जादा घेतलेली रक्कम परत करावी, अशी तरतूद अनेक राज्यांत आहे. परतावा मात्र साधारणपणे मागील बारा महिन्यांपुरताच मिळतो, आणि दुरुस्ती झाल्याचे कंपनीला कळवण्याचे काम ग्राहकाचेच असते.