विश्लेषण : स्पुटनिकच्या ‘बीप बीप’ने अमेरिकेची झोप का उडाली?

सोव्हिएत संघाने ४ ऑक्टोबर १९५७ च्या रात्री ‘स्पुटनिक-१’ हा जगातील पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून तासभर होत आला होता. ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलो वजनाचा आणि चार अँटेनांचा हा अ‍ॅल्युमिनियमचा गोळा ९६ मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारत होता. त्यात ना कॅमेरा होता ना शस्त्र. रेडिओवर ‘बीप बीप’ ऐकवायची, एवढेच त्याचे काम. तरीही अमेरिका हादरली.

इतका साधा उपग्रह कशासाठी?

मूळ बेत निराळाच होता. टनाहून अधिक वजनाची, उपकरणांनी भरलेली प्रयोगशाळाच अवकाशात धाडायची होती. ती वेळेत तयार होईना. दुसरीकडे, जुलै १९५७ ते डिसेंबर १९५८ या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात आपण उपग्रह सोडणार, असे अमेरिकेने १९५५ मध्येच जाहीर केले होते. अमेरिका बाजी मारेल या धास्तीने प्रमुख अभियंते सर्गेई कोरोलेव्ह यांनी सुटसुटीत पर्याय पुढे केला. कागदोपत्री त्याचे नावच ‘सर्वांत साधा उपग्रह’ असे होते. त्याचे निम्म्याहून अधिक वजन बॅटऱ्यांचे होते आणि त्या तीन आठवडे टिकल्या. रखडलेली प्रयोगशाळा पुढे मे १९५८ मध्ये ‘स्पुटनिक-३’ म्हणून गेली.

मग भीती कशाची?

भीती गोळ्याची नव्हती, तो वर नेणाऱ्या रॉकेटची होती. ‘आर-७’ हे मुळात हायड्रोजन बॉम्ब अमेरिकेपर्यंत नेण्यासाठी घडवलेले क्षेपणास्त्र. दोन महासागरांच्या आड सुरक्षित असल्याची अमेरिकनांची समजूत त्याने मोडीत काढली. गंमत अशी, की अस्त्र म्हणून ते अजून कच्चेच होते. २१ ऑगस्टच्या चाचणीत ते हजारो किलोमीटर उडाले खरे, पण वातावरणात परतताना बॉम्बच्या जागी बसवलेला पुढचा भाग विखुरला. त्याच्या नव्या रचनेला वेळ लागणार होता. उपग्रहाला मात्र जमिनीवर परत यायचेच नव्हते! मधल्या काळात कोरोलेव्ह यांनी ती संधी साधली.

रात्री आकाशात सरकणारा जो ठिपका लोक ‘स्पुटनिक’ म्हणून पाहत, तो बहुधा त्याच्याबरोबर कक्षेत गेलेला रॉकेटचा टप्पा असे. म्हणजे नजर नकळत योग्य जागीच होती.

पुढे काय झाले?

खुद्द ‘प्रवदा’ने पहिल्या दिवशी ही बातमी फारशी न मिरवता छापली. पाश्चात्त्य जगातील खळबळ पाहून दुसऱ्या दिवशी मात्र मोठे मथळे आले. महिन्याभरात लायका कुत्रीला घेऊन ‘स्पुटनिक-२’ गेले. अमेरिकेचे ‘व्हॅनगार्ड’ ६ डिसेंबरला जेमतेम चार फूट उचलले गेले आणि तळावरच पेटले. अखेर ३१ जानेवारी १९५८ रोजी ‘एक्स्प्लोरर-१’ यशस्वी झाला. त्याच वर्षी ‘नासा’ स्थापन झाली आणि विज्ञान-गणिताच्या शिक्षणासाठी तिजोरी खुली करणारा कायदाही आला.

कोरोलेव्ह यांचे काय?

स्टालिनच्या काळात खोट्या आरोपांखाली अटक होऊन कोलिमाच्या श्रमछावणीपर्यंत गेलेले हे अभियंते. स्पुटनिकनंतरही त्यांची ओळख गुपितच ठेवली गेली. वृत्तपत्रांत उल्लेख येई तो फक्त ‘मुख्य रचनाकार’ असा. नाव छापून आले ते जानेवारी १९६६ मध्ये, त्यांच्या निधनाच्या बातमीत.