कॅलिब्रेशन न केलेल्या मॉनिटरवर हस्तलिखितांच्या डिजिटल प्रतिमांची दोषतपासणी

हस्तलिखिताची स्कॅन केलेली प्रतिमा मॉनिटरवर निर्दोष दिसली, म्हणजे ती निर्दोष असतेच असे नाही. ८ बिट प्रतिमेत प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरव्या व निळ्या घटकाची तीव्रता ० ते २५५ या अंकांत नोंदलेली असते. कॅलिब्रेशन न केलेला मॉनिटर ० ते १५ यांसारख्या गडद छटा एकसारख्याच काळ्या दाखवू शकतो. त्यांतील धूळ, पट्टे वा पुसट अक्षरे मग नजरेस पडत नाहीत. फाइलमधील अंक मात्र मॉनिटरनुसार बदलत नाहीत. म्हणून तपासणीचा आधार अंक हाच असावा.

प्रथम हिस्टोग्राम पाहावा. ० किंवा २५५ या टोकाशी उंच सुळका असल्यास तेथील तपशील नष्ट झाल्याचा संभव असतो. त्यानंतर ‘लेव्हल्स’च्या तात्पुरत्या थराने गडद छटा उजळ व उजळ छटा गडद करून प्रतिमा १०० टक्के आकारात भागाभागाने तपासावी आणि शेवटी तो थर काढून टाकावा.

या पद्धतीने रंगांची अचूकता ठरत नाही. त्यासाठी मापकयंत्राने मॉनिटरचे कॅलिब्रेशन करणे आवश्यकच आहे. जीर्ण पोथी पुन्हा स्कॅनरखाली ठेवता येईलच असे नाही. म्हणून ही तपासणी पोथी परत कपाटात जाण्यापूर्वीच व्हावी.