पायाखालचा हत्ती

कोकणात गेलात की तुम्ही बीच गाठता, मासे खाता, एखाद्या किल्ल्यावर रील काढता. मस्तच. पण पुढच्या ट्रिपमध्ये एक सकाळ सड्यासाठी राखून ठेवा. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. लांबून बघाल तर तिथे काहीच नाही. आणि नेमकं अशाच एका सड्यावर, राजापूर तालुक्यातल्या कशेळीत, सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती जमिनीवर कोरलाय. शेजारी उभं राहिलात तर तो एका नजरेत मावतच नाही! त्याच्या आत आणखी कितीतरी छोटी चित्रं आहेत.

ही कातळशिल्पं. आसपासच्या गावकऱ्यांना त्यातली काही आधीपासून ठाऊक होती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव विचारत, सडे पालथे घालत शेकडो चित्रांची नोंद केली. यात गेंडाही आहे. आज कोकणात गेंडा कुठे दिसतो? म्हणजे कोरणाऱ्यांचं कोकण वेगळंच असणार. शेतीची चित्रं मात्र सापडत नाहीत, म्हणून अभ्यासकांना ही शिकार करून जगणाऱ्या माणसांची कला वाटते. वय काढणं अवघड, कारण कार्बन डेटिंगला लाकूड, हाड, कोळसा असं काहीतरी लागतं. नुसत्या कोरलेल्या रेषेत ते कुठून येणार?

2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत यातली नऊ ठिकाणं गेली. आठ महाराष्ट्रातली, एक गोव्यातलं. पण हाच जांभा घरांसाठी चिरे म्हणून खाणीतून काढला जातो, सड्यांवरून रस्ते जातात. भिंतीवरचं चित्र निदान दिसतं तरी. हे जमिनीवरचं, जेसीबीवाल्याला कळणार कसं? उक्षीच्या गावकऱ्यांनी यावर साधा उपाय केला. त्यांनी आपल्या हत्तीभोवती दगडी कठडा बांधला.

जाणार असाल तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा. तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात, भर दुपारी सगळं सपाट. फोटोसाठी खडू फिरवू नका, चित्रावर पाय तर अजिबात नको. उक्षीला कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, फक्त सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. टाइमटेबल बघून निघा.