ऑप-अँप : भट्टीच्या पॅनेलमधले गैरसमज आणि वस्तुस्थिती

बजाज ऑटोचा कारखाना 1985 साली वाळूजला सुरू झाला आणि परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणारे कारखाने वाढत गेले. गिअरसारखे भाग टणक करायचे तर भट्टी लागते आणि भट्टीचे तापमान थर्मोकपलने मोजतात. के-टाइप थर्मोकपल एका अंशाला जेमतेम 41 मायक्रोव्होल्ट देतो. तो सिग्नल ऑप-अँपने वाढवताना काही गैरसमज महागात पडतात.

गैरसमज : कुठलाही ऑप-अँप चालतो.
वस्तुस्थिती : 1968 साली आलेली 741 आजही सर्रास मिळते. तिच्या साध्या प्रकारात इनपुट ऑफसेट 6 मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो. म्हणजे जवळपास दीडशे अंशांची चूक! ओपी-07सीचा कमाल ऑफसेट 150 मायक्रोव्होल्ट, म्हणजे चार अंशांच्या आत.

गैरसमज : ट्रिमपॉट फिरवून ऑफसेट काढला की काम झाले.
वस्तुस्थिती : पॅनेल तापले की ऑफसेटही सरकतो. एलएम358 मध्ये तो अंशाला साधारण 7 मायक्रोव्होल्ट सरकतो. सकाळी जुळवलेले पॅनेल दुपारी 20 अंशांनी तापले, तर रीडिंग तीन-चार अंशांनी चुकते.

गैरसमज : 5 व्होल्ट सप्लाय दिला की आउटपुट 5 व्होल्टपर्यंत जातो.
वस्तुस्थिती : एलएम358 चा आउटपुट साडेतीन व्होल्टच्या आसपास थांबतो. कार्बुरायझिंगच्या 930 अंशांना थर्मोकपल सुमारे 37 मिलिव्होल्ट देतो. 100 पट गेनने 3.7 व्होल्ट हवेत. रीडिंग 870 च्या आसपास अडकते आणि कंट्रोलर भट्टी तापवतच राहतो. माल जातो, माणसांना धोका होतो. उपाय सोपा आहे : गेन कमी करा, सप्लाय वाढवा किंवा रेल-टू-रेल आउटपुटचा ऑप-अँप घ्या.

गैरसमज : आउटपुटला केबल कितीही लांब जोडली तरी चालते.
वस्तुस्थिती : शील्डेड केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण 100 पिकोफॅरड असते. युनिटी गेनवर एलएम358 ला 50 पिकोफॅरडसुद्धा काठावरचे ठरू शकतात. सर्किट ऑसिलेट होते. आउटपुटला मालिकेत 100 ओहमच्या आसपासचा रेझिस्टर लावा. सप्लाय पिनला अगदी चिकटून 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही हवाच.

आयसी निवडताना डेटाशीटमधला 'टिपिकल' आकडा पाहून थांबू नका. कमाल ऑफसेट, ड्रिफ्ट आणि आउटपुटची मर्यादा आपल्या सिग्नलशी ताडून पाहा, भाव त्यानंतर विचारा. एका आयसीत वाचवलेले पैसे भट्टीतल्या एका बिघडलेल्या लॉटपुढे काहीच नाहीत.