शाळेच्या दारी आलेले महाविद्यालय

दहावीच्या निकालाचे दिवस जवळ आले की आपल्या धाराशिव जिल्ह्यातील गावोगावी एक पाहुणा दिसू लागतो. तो मुख्याध्यापकांस भेटतो, वर्गात दहा मिनिटे बोलतो, छापील पत्रके वाटतो आणि मुलांचे पत्ते उतरवून घेतो. हा कोणत्या तरी महाविद्यालयाचा प्राध्यापक असतो, नाही तर शिकवणीवर्गाचा माणूस. पुष्कळ सुज्ञ मंडळी त्याला हसतात. विद्या काय दारोदार विकायची वस्तू आहे, असा त्यांचा सवाल असतो. आम्हांला हे हसणे पटत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी दुसरे काय केले? 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढल्यावर ते गावोगाव हिंडून मुले गोळा करीत आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीस बसवीत. ज्याच्या घराण्यात कोणी शाळेची पायरी चढले नाही, त्याने आपण होऊन पुढच्या शिक्षणाचा पत्ता शोधत यावे, ही अपेक्षाच चुकीची होय. आपल्या भागाला हे अधिकच लागू पडते. 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. विद्यापीठ दूर हैदराबादेस आणि त्याचे माध्यम उर्दू. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ लाभले ते 1958 मध्ये, तेही तेव्हाच्या औरंगाबादेस. अनेक घरांत महाविद्यालय पाहिलेली अजून पहिली किंवा दुसरीच पिढी आहे. वडिलांना विचारावे तर वडिलांनाच ठाऊक नाही.

शिवाय आता प्रवेशाची रीतही बदलली आहे. 2025 पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागला. त्या वर्षीच्या नियमांप्रमाणे दहापर्यंत पसंतिक्रम देता येत होते. परंतु पहिल्याच पसंतीचे महाविद्यालय मिळाले आणि तेथे प्रवेश घेतला नाही, तर नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागे. ही अट मुलाला सांगणार कोण? पुष्कळदा अर्ज भरतो तो संगणकाचा दुकानदार! तीच गोष्ट मुलींच्या फीची. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील विशिष्ट प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ झाले. पण व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास ही सवलत नाही. गोड बोलून त्या कोट्यात नेणारा मध्यस्थ एवढेच नेमके सांगायचे विसरतो.

पाहुण्याचा स्वार्थ असतो, हे आम्ही नाकारीत नाही. मुले घटली की शिक्षकांची पदे घटतात. तेव्हा बिचारा प्राध्यापक उन्हातान्हात फिरतो तो काही केवळ ज्ञानप्रसारासाठी नव्हे. सोयरीक जमविणाराही आपल्या पक्षाचे गुणच सांगतो. म्हणून त्याला कोणी दारातून परत पाठवीत नाही. चौकशी मात्र कसून करतो. परंतु मुलगी देताना सासरच्या विहिरीचे पाणी पाहणारा आपला शेतकरी, मुलाला महाविद्यालयात घालताना पत्रकावरील चित्रावर भुलतो, हे नवल आहे. वसतिगृहात जागा किती, फीशिवाय आणखी काय भरावे लागते, प्रयोगशाळा रोज उघडते का, गेल्या वर्षी किती मुलांनी मध्येच शिक्षण सोडले, हे प्रश्न मुख्याध्यापकांनीच वर्गासमोर विचारावेत.

दुसरा दोष पाहुण्याच्या वाटेचा. जेथे रस्ता चांगला आणि मुलाच्या बापाची ऐपत बरी, तेथे तो आधी जातो. हे इथलेच नव्हे. अमेरिकेत महाविद्यालयांचे अधिकारी शाळाशाळांतून फिरतात, ही जुनी रूढी आहे. तेथील पंधरा सरकारी विद्यापीठांच्या अशा भेटी तपासून 2019 मध्ये अभ्यासकांनी दाखविले, की परराज्यांत त्यांचा ओढा सधन वस्त्यांतील शाळांकडेच होता. आपल्याकडे परंडा, भूम, वाशीच्या आडगावांतील शाळा अशाच राहून जातात. तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे आवार आहे, तेथे परप्रांतांतून मुले येतात. पण आडगावच्या किती मुलांना तिचे नाव ठाऊक असेल?

तेव्हा जिल्ह्यातील महाविद्यालयांनी गावे आपसांत वाटून घ्यावीत आणि निकालानंतर धावण्यापेक्षा दिवाळीनंतरच जावे. भेट संध्याकाळी ठेवावी, म्हणजे शेतावरून परतलेले आईबापही बसतील. आणि प्राध्यापकांबरोबर त्याच गावची, सध्या शिकत असलेली एखादी मुलगी आणावी. एसटीचा पास कसा काढला, घरच्यांची समजूत कशी घातली, हे ती सांगेल, आणि मागच्या बाकावरच्या मुली तिलाच प्रश्न विचारतील.