लहान कॅराव्हॅनमधील डिझेल शेगडी : पालघर-बोईसर परिसराच्या संदर्भात निवडीचा विचार

प्रस्तावना :

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. त्यानंतर वाहनातच मुक्काम व स्वयंपाक करीत प्रवास करण्याच्या कल्पनेला राज्यात अधिकृत स्थान मिळाले. केळवे, चिंचणी, डहाणू-बोर्डी हा किनारा आणि जव्हारचा डोंगराळ भाग यांमुळे पालघर जिल्हा अशा प्रवासास अनुकूल आहे. मात्र वाहनात राहणे ही गोष्ट या जिल्ह्यास नवी नाही. तारापूर औद्योगिक क्षेत्रात माल भरण्या-उतरविण्यासाठी थांबलेले मालमोटारींचे चालक व क्लीनर वाहनाच्या आडोशाला स्वयंपाक करीतच आले आहेत. प्रश्न दोघांचाही एकच आहे : चूल कोणती? वाहनाच्या टाकीत डिझेल असतेच, तेव्हा शेगडीही डिझेलवर चालणारी घ्यावी, हे उत्तर सहज सुचते. ते कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

डिझेल शेगडी म्हणजे काय? :

या एका नावाखाली तीन अगदी भिन्न साधने येतात आणि खरेदी करणाऱ्याची पहिली गफलत येथेच होते. पहिले साधन बंदिस्त ज्वलनाचे. वेबास्टो या जर्मन व वालास या फिनलंडमधील कंपन्यांनी अशा शेगड्या बनविल्या आहेत. वरून सपाट सिरॅमिक काच, तिच्याखाली बंद कोठी, कोठीत पंपाने थेंबाथेंबाने येणारे डिझेल, विजेच्या तारेने होणारे प्रज्वलन, पंख्याने येणारी हवा आणि धूर थेट बाहेर नेणारी नळी, अशी तिची रचना असते. ज्योत खोलीत उघडी नसते. दुसरे साधन डेन्मार्कच्या रेफ्लेक्स किंवा कॅनडाच्या डिकिन्सन पद्धतीचे, धुराडे असलेले जड ओतीव शेगडीचे. थंड प्रदेशातील बोटीत ते स्वयंपाकाबरोबर खोलीही तापविते. पालघरमध्ये त्याचा विचार करण्याचे कारण नाही. तिसरे साधन गिर्यारोहकांचा अनेक इंधनांवर चालणारा दाबाचा स्टोव्ह. तो डिझेलवरही चालतो, परंतु आधी तापवावा लागतो, काजळी धरतो आणि त्याची ज्योत उघडी असते. त्याची जागा वाहनाबाहेर, मोकळ्या जमिनीवर आहे.

याखेरीज एक चौथा प्रकार व्यवहारात संभवतो व तो सर्वांत घातक आहे. रॉकेलच्या वातीच्या किंवा पंपाच्या स्टोव्हमध्ये टाकीतले डिझेल ओतणे. रॉकेलवरील केंद्र शासनाचे अनुदान २०२० पासून प्रत्यक्षात संपुष्टात आले आणि डिझेल मात्र कोणत्याही पंपावर मिळते, त्यामुळे हा मोह समजण्यासारखा आहे. तथापि रॉकेल साधारणतः ३०० अंश सेल्सिअसपर्यंत पूर्णपणे उकळून जाते, तर डिझेलमधील जड घटकांना सुमारे ३६० अंशांपर्यंत तापमान लागते. रॉकेलसाठी बनविलेल्या बर्नरमध्ये या घटकांची नीट वाफ होत नाही. वात कोळपते, छिद्र तुंबते, ज्वलन अपुरे राहते आणि काजळीबरोबर कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो.

बोटीतून वाहनात :

बंदिस्त डिझेल शेगडीचा पसारा मुख्यतः बोटींमुळे वाढला, हे लक्षात घेतल्याशिवाय तिचे गुणदोष उलगडत नाहीत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळती झाल्यास तो खाली बसतो. बोटीच्या तळाला भोक ठेवता येत नाही, म्हणून गॅस तेथेच साचतो आणि हवेत त्याचे प्रमाण सुमारे दोन टक्के झाले की एक ठिणगी पुरते. सातपाटी, मुरबे, दांडी येथील कोळी बांधवांच्या नौकांची इंजिने डिझेलवर चालतात, तरी स्वयंपाकासाठी सिलिंडर नेण्याची पद्धत आहे. अशा नौकांवर बंदिस्त डिझेल शेगडीचा पुरस्कार करता येईल. वाहनाचे तसे नाही. त्याच्या तळाला, सिलिंडरच्या कप्प्यात, बाहेर उघडणारे झरोके ठेवता येतात आणि गळालेला गॅस जमिनीकडे निघून जातो. म्हणजे डिझेल शेगडीमागील सर्वांत भक्कम कारण वाहनात बरेचसे गळून पडते.

दुसरे कारण थंडीचे. वालासच्या काही शेगड्यांना झाकण लावले की त्या खोली तापविण्याचे यंत्र बनतात. युरोपातील प्रवाशाला हे वरदान वाटेल. बोईसरच्या मे महिन्यात त्यासाठी कोणी पैसे मोजणार नाही.

डिझेल सहजासहजी पेट घेत नाही, हे तिसरे कारणही भारतात थोडे जपूनच मांडावे लागते. डिझेलची वाफ ज्या तापमानाला ठिणगीने पेटू शकते, ते तापमान युरोपीय मानकानुसार किमान ५५ अंश असावे लागते, तर भारतीय मानकानुसार किमान ३५ अंश पुरते. प्रत्यक्षातील डिझेल याहून बरेच सुरक्षित असू शकते. तथापि उन्हात बंद ठेवलेल्या वाहनाचा अंतर्भाग ३५ अंश सहज ओलांडतो, म्हणून डिझेलचा सुटा कॅन आत ठेवणे टाळलेलेच बरे.

इंधनाचा हिशेब :

डिझेलच्या एका लिटरमध्ये सुमारे १० किलोवॅट-तास उष्णता असते. कमाल १.८ किलोवॅटच्या शेगडीला त्यामुळे तासाला ०.१८ लिटरच्या आसपास डिझेल लागते. पाच किलो गॅसमध्ये सुमारे ६३ किलोवॅट-तास उष्णता असते. म्हणजे दोन किलोवॅटचा लहान बर्नर त्यावर ३१ ते ३२ तास जळेल. दिवसाला दोन तास धरले तर पंधरा दिवस निघतात. एवढ्याच काळासाठी डिझेल सुमारे पावणेसहा लिटर लागेल. इंधनाचे वजन जवळपास सारखे. तेव्हा ‘टाकीतच इंधन आहे’ हा मुद्दा महिनोन्महिने प्रवास करणाऱ्यासाठी खरा आहे, शनिवार-रविवार बोर्डीला जाणाऱ्यासाठी नाही.

वेळेचे गणित अधिक बोलके आहे. २८ अंशांचे दोन लिटर पाणी उकळविण्यास सुमारे ६०० किलोज्यूल उष्णता लागते. भारतीय मानकानुसार घरगुती गॅस शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. त्या हिशेबाने दोन किलोवॅटच्या बर्नरला साडेसात मिनिटे पुरतात. काचेच्या डिझेल शेगडीवर निम्मी उष्णता भांड्यात जाते असे धरले, तर अकरा मिनिटे लागतील आणि त्याआधी काच तापण्यास काही मिनिटे जातील ती वेगळीच. बंद केल्यावर काच लगेच निवत नाही. कुकरची एखादी शिट्टी उगीच जास्त होते.

भाकरी, कढई आणि काच :

परदेशी माहितीपत्रकात न सापडणारा हा भाग आहे. तांदळाची भाकरी तव्यावरून उचलून ज्योतीवर फुगविण्याची सवय असेल, तर काचेवर ते शक्य नाही. ती तव्यावरच, फडक्याने दाबून फुगवावी लागते. गोल बुडाची कढई काचेला एका बिंदूवर टेकते व तेल तापत नाही. म्हणजे शेगडीबरोबर सपाट बुडाचा कुकर, कढई व तवा हेही आले. बिडाचा तवा काचेवर सरकवू नये, ओरखडे पडतात. बोंबील किंवा मांदेली तळताना उडणारे तेल काचेवर करपते. हिंदकळणाऱ्या वाहनात सपाट काच भांडी धरून ठेवीत नाही, हेही खरे. अर्थात चालत्या वाहनात स्वयंपाक कोणीच करू नये.

डिझेल शेगडीची खरी जागा :

मग तिचा खरा उपयोग कोठे? उत्तर पावसाळ्यात आहे. एक किलो गॅस जळताना सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ व तीन किलो कार्बन डाय ऑक्साइड खोलीत सोडतो. जुलैत केळव्याला मुसळधार पावसात खिडक्या उघडता येत नाहीत, मागचे दार उघडता येत नाही आणि डासही असतात. अशा वेळी उघड्या ज्योतीची कोणतीही शेगडी आतली हवा खाते. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला तो जागे करीत नाही. बंदिस्त शेगडीत मात्र हवा बाहेरून घेण्याची सोय केली, तर धूरही बाहेर आणि ज्वलनाची वाफही बाहेर. भाताच्या वाफेवर मात्र तिचाही इलाज नाही, खिडकीची फट हवीच.

म्हणून जो पावसाळ्यातही आतच राहणार व शिजविणार आहे, त्याने बंदिस्त डिझेल शेगडीचा खर्च करावा. जो कोरड्या दिवसांत, मागचे दार उघडून, बाहेरच्या फळीवर स्वयंपाक करणार आहे, त्याला ओळखपत्रावर मिळणारा पाच किलोचा सिलिंडर व आयएसआय चिन्हाची शेगडी अधिक स्वस्त, जलद आणि दुरुस्तीला सोपी पडते. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर वाहनात वापरणे नियमबाह्य आहे. मालमोटारीच्या केबिनमध्ये यांपैकी काहीही पेटवून झोपू नये. थंडीत विझत आलेल्या कोळशाच्या शेगडीलाही हाच नियम लागू आहे.

जोडणी :

डिझेल शेगडी बसविणे म्हणजे वाहनाच्या तळाला भोक पाडणे व इंधनवाहिनीस हात घालणे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हे कलम काटेकोर वाचले आहे. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे चौकशी करावी.  शेगडीचा पंप इंजिनाच्या नळीवर न जोडता टाकीत स्वतंत्र नळी सोडावी व तिचे टोक तळापासून उंच ठेवावे, म्हणजे शेगडीने टाकी रिकामी होऊन वाहन अडकत नाही. प्रज्वलनाच्या वेळी विजेचा ओढा बराच असतो, म्हणून जुन्या बॅटरीवर शेगडी पेटण्यास नकार देते आणि दोष शेगडीला दिला जातो. धुराच्या नळीचे टोक खिडकी वा दाराखाली येऊ देऊ नये. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत ही नळी व तिचे पट्टे गंजतात. पावसाळा संपल्यावर ती एकदा उतरवून, प्रकाशासमोर धरून, भोके पडली आहेत का ते पाहावे.