क्रूस
क्रूस : (वधस्तंभ). ख्रिस्ती धर्माचे प्रमुख प्रतीक. उभ्या खांबावर आडवी तुळई बसविलेले हे मूलतः देहदंडाचे साधन होय. येशू ख्रिस्ताला याच साधनाने मृत्यू आला. ‘क्रूस’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला असून मराठी बायबलमध्ये ‘वधस्तंभ’ हा शब्द रूढ आहे.

रोमन साम्राज्यात ही शिक्षा मुख्यत्वे गुलाम, बंडखोर आणि रोमन नागरिकत्व नसलेल्या गुन्हेगारांना देत. इ. स. पू. ७१ मध्ये स्पार्टाकसच्या नेतृत्वाखालील गुलामांचे बंड मोडल्यावर सु. ६,००० बंदिवानांना कॅपुआ ते रोम या मार्गावर क्रूसावर चढविण्यात आले. वेदनेइतकीच जाहीर विटंबना हाही या शिक्षेचा हेतू असे. रोमन सुभेदार पाँटिअस पायलेट (कार. २६–३६) याच्या आज्ञेने येशूला ही शिक्षा झाली. झाडाला टांगलेला मनुष्य शापित होय, असे जुन्या करारातील अनुवाद ग्रंथात म्हटले आहे. त्यामुळे क्रूसावर मेलेला पुरुष हा तारणारा, हे मत तत्कालीन ज्यू व ग्रीक या दोघांनाही अस्वीकार्य वाटले. रोम येथील पॅलाटाइन टेकडीवर सापडलेल्या एका प्राचीन भित्तिरेखनात गाढवाचे मस्तक असलेली क्रूसावरील आकृती व तिची उपासना करणारा माणूस दाखवून या श्रद्धेची टर उडविलेली दिसते.

ख्रिस्ती मतानुसार क्रूसातील आशा दुःखातून उद्भवत नाही. ती पुनरुत्थानातून उद्भवते. माणसाने टाकून दिलेल्याचा ईश्वराने स्वीकार केला, म्हणून पाप व मृत्यू यांचा शब्द अखेरचा नव्हे, असा सेंट पॉलच्या प्रतिपादनाचा आशय आहे. गुड फ्रायडे आणि ईस्टर यांचा अर्थ म्हणूनच परस्परांपासून वेगळा काढता येत नाही. ही आशा म्हणजे सर्व काही सुरळीत होईल असा आशावाद नव्हे. दुःखाचे अस्तित्व मान्य करूनच ती उभी राहते.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी क्रूसाचे उघड चित्रण क्वचितच केले. रोमच्या भूमिगत दफनस्थानांत मासा व नांगर ही चिन्हे आढळतात. नव्या करारातील इब्री लोकांस पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटले असून जहाजाच्या नांगराच्या आकारात क्रूसही सूचित होतो. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात (चौथे शतक) क्रूसाला राजमान्यता मिळाली. प्रारंभीच्या चित्रणांत ख्रिस्त बहुधा उघड्या डोळ्यांचा, विजयी असा दाखवीत. मध्ययुगाच्या उत्तरार्धात वेदनेने पिळवटलेला ख्रिस्त प्रचारात आला. ग्रूनेव्हाल्टने सु. १५१२–१६ या काळात अल्सेसमधील इझेनहाइम येथील मठासाठी रंगविलेली वेदिचित्रे या दृष्टीने उल्लेखनीय आहेत. तेथे दूषित राय धान्याच्या सेवनाने होणाऱ्या दाहक व्याधीच्या रुग्णांची शुश्रूषा होत असे. बाहेरील फलकावरील ख्रिस्ताचा देह त्या रुग्णांप्रमाणेच व्रणांनी भरलेला आहे. तो फलक उघडला, की आत तेजोमय पुनरुत्थान दिसते.

क्रूसाच्या नावाने धर्मयुद्धे झाली, तसेच पीडितांना निमूटपणे सोसण्याचा उपदेशही करण्यात आला. या वापरावर ख्रिस्ती विचारवंतांनीच टीका केली. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी असलेले जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमान (१९२६–२०२४) यांनी आशेचे धर्मशास्त्र (१९६४) व क्रूसावरील ईश्वर (१९७२) या विषयांवरील ग्रंथांत, ईश्वर दुःखितांच्या दुःखात सहभागी आहे आणि म्हणून ख्रिस्ती आशा अन्यायाशी तडजोड करीत नाही, असे प्रतिपादन केले. अमेरिकेतील जेम्स कोन (१९३८–२०१८) यांनी २०११ मध्ये क्रूस आणि कृष्णवर्णीयांना जमावाने फाशी दिलेले वृक्ष यांचा संबंध स्पष्ट केला.

भारतात केरळ व चेन्नई येथे पेहलवी लेख असलेले प्राचीन क्रूस आढळतात. त्यांवर ख्रिस्ताची आकृती नसते व त्यांची टोके कळीसारखी उमललेली असतात. मृत्यूच्या काष्ठाला फुटलेला जीवनाचा अंकुर, असा त्यांचा अर्थ लावतात. मुंबई परिसरात १८९६ च्या प्लेगच्या साथीत वस्त्यांमधून अनेक क्रूस उभारण्यात आले. त्यांपैकी काहींसमोर आजही सामुदायिक प्रार्थना होतात.